हरकत घेणाऱ्यांकडे घर असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत परवडणाऱ्या घरांची एखादी योजना जाहीर झाली की दोन-चार दिवसांत ‘स्थानिकांचा विरोध’ ही बातमी ठरलेली. मुलुंड पूर्वेला आम्ही हे जवळून पाहतोय. प्रकल्पबाधितांसाठी इथे सात हजारांहून अधिक घरं बांधायचं ठरलं तेव्हा फलक लागले, मोर्चे निघाले, गेटवर टेबल टाकून सह्या झाल्या. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये धारावीतल्या अपात्र रहिवाशांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिळून जवळपास २५६ एकर मिठागरं देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आणि पुन्हा तीच धावपळ. मिठागरांच्या विरोधातल्या पत्रावर माझीही सही आहे आणि त्याबद्दल मला काडीचा पश्चात्ताप नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस या शहरात काढलेल्या माणसाला ‘मिठागर म्हणजे पडीक जमीन’ हे सांगायला कोणी येऊ नये. पाणी शेवटी कुठेतरी जाणारच, आणि जिथे जायचं तिथे इमारती उभ्या केल्या तर ते आमच्या जिन्यात येईल.

माझं म्हणणं वेगळं आहे. या सगळ्यात ज्याला ‘जनमत’ म्हणतात, त्यात ज्याला घर हवंय तो माणूस कुठेच दिसत नाही.

कायद्याने लोकांचं म्हणणं ऐकायची सोय आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभर मुदत असते. ही सूचना कधी वाचून बघा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या मधे, मुंगीच्या अक्षरात छापलेली. न.भू.क्र. अमुक, मौजे तमुक, ‘सदर आरक्षण वगळून सदर जमीन निवासी विभागात समाविष्ट करणे’. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल. त्या जागेवर किती घरं होणार, किती चौरस फुटांची, कोणत्या उत्पन्न गटाला, साधारण काय भावात, यातलं एक अक्षर नसतं. म्हणजे ज्याला घर घ्यायचंय त्याने मत द्यावं असं काही त्यात लिहिलेलंच नसतं. शेजारच्या जमिनीवर काय होणार याची काळजी असलेल्याने मात्र तो क्रमांक बरोबर ओळखावा.

आणि तो ओळखतोही. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा आला तेव्हा लोकांनी तो अक्षरशः गल्लीबोळांत फिरवून तपासला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, देवळं गायब, मोकळ्या जागा भलत्याच रंगात. एवढी ओरड झाली की तो मसुदा मागे घेऊन पुन्हा करावा लागला आणि सुधारित आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. तेव्हा लोकांच्या मताला किंमत नसते असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देतो. पण बचावलं काय ते बघा: जे आधीपासून उभं होतं ते. त्याच आराखड्यात १० लाख परवडणाऱ्या घरांची भाषा होती. त्या घरांच्या बाजूने अर्ज घेऊन सुनावणीला कोण जाणार? राहणारा अजून ठरायचाय, आणि ठरला तरी तो त्या वॉर्डात राहत नाही.

शिवाय मार्च २०२२ नंतर महापालिकेत साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. नगरसेवक काय दिवे लावतात हा वेगळा प्रश्न, पण निदान त्याच्या कार्यालयात जाऊन भांडता तरी येतं.

सुनावणी कशी होते तेही सांगतो, कारण मी गेलोय. आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी. एका खोलीत एका वेळी घोळक्याने आत घेतात, अधिकारी नाव विचारतात, ‘लेखी दिलंय ना, मग झालं’ म्हणतात. बोलायला मिळतं ते एखाद-दोन मिनिटं. माझ्या पुढच्या गृहस्थांनी नकाशाची रंगीत प्रत काढून आणली होती, ती उलगडेपर्यंत पुढचं नाव पुकारलं. त्या रांगेत सगळे माझ्यासारखेच: सोसायट्यांचे सेक्रेटरी, निवृत्त बँकवाले, एक-दोन वकील. दुपारी मोकळे असलेले आणि डोक्यावर छप्पर असलेले लोक.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई ठाण्यापलीकडच्या दिव्याहून येतात. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट, नवं डिपॉझिट, पुन्हा टेम्पोत गॅस आणि कपाट. सोसायटीच्या पत्रावर कामवाल्यांच्याही सह्या घेऊ या असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “काका, सही करते, पण आधी सांगा, ती घरं झाली तर आम्हाला मिळणार का? मिळणार असली तर मी कशाला नको म्हणू?” पुढे त्यांचे प्रश्न सुरू झाले. पाणी किती वेळ येतं, लिफ्ट बंद पडली तर कोण बघतं, मेंटेनन्स किती, स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का. इतके नेमके प्रश्न आमच्या हरकतींच्या पत्रात एकही नव्हते. मी सही घेतली नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भाषा मात्र ऐकवत नाही. पाण्याचा, गटाराचा, रेल्वेच्या गर्दीचा मुद्दा मांडणारे थोडे. ‘तसले लोक आले की एरिया बिघडतो’ म्हणणारे जास्त. ‘तसले लोक’ पहाटे आपल्याच दारात दूध ठेवून जातात. गर्दीची चिंता खरी आहे, शाळा-दवाखाने आधी बांधा हे म्हणणं रास्त आहे, एकाच उपनगरावर सगळा भार कशाला हा सवालही योग्य आहे. पण त्याच्या आडून जे लिहिलं जातं त्याला हरकत-सूचना म्हणायची माझी तयारी नाही.

बरं, घरं झाली तरी परवडतात का? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेने अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ४२६ घरांची सोडत जाहीर केली. त्यातल्या काही घरांची किंमत एक कोटीच्या वर. अल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला ९ लाख, म्हणजे महिना ७५ हजार. ८० लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के धरलं तर हप्ता सत्तर हजारांच्या जवळ जातो. उरलेल्या पाच हजारांत मेंटेनन्स भरा, पोरांच्या फिया भरा आणि उरलंच तर जेवा. म्हाडाच्या २०२३ च्या सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं, त्यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. ते निदान उच्च उत्पन्न गटाचं तरी होतं. इथे तर गरिबाच्या नावाची पाटी लावून कोटीचं दार आहे. किंमत ठरवताना कुठल्या जनमताचा विचार झाला?

खरं तर मत कुणाचं घ्यायचं याची यादी सरकारकडे तयार आहे. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अनामत भरलेले अर्जदार एक लाखाच्या वर. घरामागे पन्नासहून अधिक माणसं. त्यातली बहुतेक रिकाम्या हाताने परत गेली, पण त्यांची नावं, पत्ते, मोबाइल क्रमांक, उत्पन्न सगळं संगणकात आहे. त्यांना एक मेसेज पाठवून विचारा: नोकरी कुठे, हप्ता किती झेपेल, तीनशे चौरस फूट चालेल का, विकतच हवं की भाड्याचं चालेल. राज्याने मे २०२५ मध्ये ‘माझे घर, माझा अधिकार’ म्हणून गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात ३५ लाख घरांचा आकडा आहे. तो आकडा या यादीशी ताडून बघायला काय हरकत आहे?

गिरणी कामगारांना कुणी विचारलं असतं तर त्यांना शेलू आणि वांगणीची घरं दाखवायची वेळच आली नसती. बदलापूरच्याही पलीकडे! ते मागताहेत मुंबईत, जिथे त्यांच्या गिरण्या होत्या तिथे. उलट पुनर्विकासाला निघालेल्या बीडीडीच्या जुन्या चाळींत रहिवासी वर्षानुवर्षं करार, कॉर्पस म्हणजे देखभालीचा निधी, नवं घर होईपर्यंतचं संक्रमण भाडं यांवरून यंत्रणेला प्रश्न विचारत राहिले. काम रखडलं म्हणून त्यांना दोषही दिला गेला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच जागेवर. अडून बसलेले लोक योजनेचे शत्रूच असतात असं नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात मात्र आपण उलटी पावलं टाकली: रहिवाशांच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आणली.

तेव्हा माझ्या दोन-तीनच सूचना. जाहीर सूचनेत घरांची संख्या, आकार, उत्पन्न गट आणि अंदाजे किंमत छापावी, वाचता येईल अशा मराठीत आणि अशा अक्षरात. प्रत्येक हरकतीला काय उत्तर दिलं, मान्य की अमान्य आणि का, हे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावं. आणि सुनावणी रविवारी ठेवावी, तीही वॉर्डातल्या एखाद्या महापालिका शाळेत. कामाच्या दिवशी अकरा ते पाचमध्ये यायचं तर दिव्याहून येणाऱ्या बाईचा चार घरचा खाडा होतो, आणि तो पगारातून कापला जातो.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)