रात्री दोन वाजता चावी कुणाकडे असते?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातल्या आमच्या सायकल गटात आता सात जणी आहेत. त्यातल्या तिघींना २०२७ च्या ऑगस्टमध्ये होणाऱ्या ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’साठी पात्र व्हायचं आहे. मी २०२३ ची फेरी पूर्ण केली आहे, म्हणून परवा तिघी घरी आल्या. मला वाटलं, गिअर, सीट, खाणंपिणं असलं काही विचारतील. चहा संपेपर्यंत तसंच बोलणं चाललं. उठता उठता त्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, “मॅडम, रात्री जायचं कुठं?”

रात्रीच्या रस्त्यावर बाईने लघवीला जायचं कुठं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पॅरिसजवळच्या रांबुये गावातून निघायचं, अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्ट शहराला शिवायचं आणि त्याच बाजूने परत यायचं. २०२३ मध्ये हे अंतर १२१९ किलोमीटर होतं आणि मुदत ९० तास. १८९१ मध्ये ही शर्यत म्हणून सुरू झाली. आता शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ‘ओदॅक्स क्लब पारिझियँ’ ही संस्था दर चार वर्षांनी ती भरवते. तिथे जायचं तर एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड, ज्यांना आम्ही ब्रेवे म्हणतो, मुदतीत पुऱ्या कराव्या लागतात. ६०० ला ४० तास मिळतात. म्हणजे एक अख्खी रात्र रस्त्यावर काढणं आलंच. आणि मुख्य नियम असा, की मागून आपली गाडी आणायची नाही. रस्त्यावर जे सगळ्यांसाठी उघडं असेल तेच तुमचं. चहाची टपरी, नळ, देवळाची ओसरी, एटीएम. (वाटेत कुठे किती वाजता होतो याचा पुरावा म्हणून आपल्याकडे एटीएमची चिठ्ठी चालते. माझ्या डब्यात अजून चाळीसेक चिठ्ठ्या आहेत.)

२०२३ च्या फेरीला आम्ही चौघं होतो. कराडचे एक बालरोगतज्ज्ञ, तासगावचे एक द्राक्षबागायतदार ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, माझी जुनी विद्यार्थिनी जी आता पुण्यात इंजिनिअर आहे, आणि मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तेव्हा माझं वय ४९ होतं.

जानेवारीतली आमची ६०० ची राइड पुण्याहून निपाणीच्या पुढे आणि परत अशी होती. उसाचा हंगाम भरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. त्यावर मला वेगळं पत्र लिहावं लागेल. परतीच्या वाटेवर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कोल्हापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबलो. पंपाचे सगळे दिवे लखलखीत. मागच्या बाजूला ‘महिला’ अशी ठळक पाटी, खाली निळं दार आणि दाराला कुलूप. नोजलपाशी एक विशीतला मुलगा कानटोपी घालून बसला होता. म्हणाला, “चावी मॅनेजरकडं असते. मॅनेजर घरी गेल्यात.” पुढच्या पंपावरही कुलूपच. पुरुषांची बाजू दोन्हीकडे उघडी होती. तिला दारच नव्हतं.

तिथून मी पाणी पिणं बंद केलं. ठरवून नाही. हात बाटलीकडे जायचा आणि मीच तो मागे घ्यायचे. दादा दोनदा म्हणाले, “ताई, बाटली भरलेलीच दिसतीया.” मी म्हटलं, थंडी आहे, तहान नाही. तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, वर्गात साठ पोरांपुढे बोलते. पण बरोबरच्या दोन भल्या माणसांना मला जायचंय एवढं सांगायला जीभ उचलेना. शेवटी पहाटे पेठनाक्याच्या पुढे माझी विद्यार्थिनीच म्हणाली, “थांबा. मला जायचंय आणि मॅडमनापण.” महामार्ग सोडून पन्नास पावलं आत गेलो. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, हे सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी सायकल आडवी लावली, दिवा रस्त्याकडे वळवला आणि पाठ करून उभे राहिले. दादा त्यांच्या शेजारी मोठमोठ्याने ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभे. जनावर असलं तर बुजावं, आणि आम्हाला कळावं की ते तिथेच आहेत, पाठमोरे.

त्याच दिवशी संध्याकाळी खंबाटकीच्या बोगद्याअलीकडच्या चढावर माझ्या दोन्ही मांड्यांना गोळे आले. अर्धा तास गेला. चौघं मिळूनच निघायचं ठरलं होतं, म्हणून तिघांचाही अर्धा तास गेला. मुदतीच्या वीस मिनिटं आधी पुण्यात पोचलो. पुढचे आठ दिवस मी लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या घेत होते. डॉक्टर रागावले ते माझ्यावर नाही. मात्र ते म्हणाले, त्यांच्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलींमध्ये हे कायम दिसतं. शाळेतल्या संडासाच्या धास्तीने मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मी तर रोज त्या मुलींसमोर उभी असते.

ऑगस्टमध्ये फ्रान्सला गेलो. सहा हजारांवर सायकलस्वार होते. चढउतारांचा तो रस्ता, दुपारचं ऊन, पहाटेचं धुकं आणि गारठा यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला दुसरंच काही लिहायचं आहे. रविवारी संध्याकाळी निघालो. सोमवारी रात्री एकच्या सुमारास आम्ही लुदेआक गावाच्या पुढे, ब्रेस्टच्या दिशेने होतो. वस्ती दहा-पंधरा घरांची असेल. एका घरापुढे फाटकात टेबल मांडलेलं, त्यावर थर्मास, कागदी पेले, केकचे तुकडे. घोंगडीत गुंडाळलेल्या एक आजीबाई आणि त्यांचा दहाएक वर्षांचा नातू. आमच्यापैकी कुणाला फ्रेंच येत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने ‘त्वालेत’ एवढा एकच शब्द पाठ करून ठेवला होता, तो तिने उच्चारला. आजीबाईंनी काही न बोलता विजेरी उचलली आणि आम्हा दोघींना अंगणातून, त्यांच्या स्वयंपाकघरातून आत नेलं. दारावर पुठ्ठ्याचा बाण चिकटवला होता, त्यावर मुलाच्या हाताने काढलेली सायकल. मागचं चाक पुढच्यापेक्षा मोठं. आत दिवा. खुंटीवर घडी घातलेले चार टॉवेल. साबणाची वडी बरीच झिजलेली. म्हणजे आमच्याआधी कितीतरी जण तिथून गेले होते. आतून कडी लावली आणि मी तिथेच उभी राहून एक मिनिट रडले. दमणुकीने असेल.

पैसे त्या घेईनात. नातवाने वहीवर पत्ता लिहून दिला. तिकडे अशा घरांना आपल्या गावाहून चित्रकार्ड पाठवायचा रिवाज आहे. सप्टेंबरात मी कास पठारावरच्या फुलांचं पाठवलं.

ही एकटीदुकटी गोष्ट नाही. विलेन-ला-जुएल नावाच्या गावात तर सगळं गाव रस्त्यावर उतरतं. शाळकरी मुलं तुमचं ताट उचलून टेबलापर्यंत नेतात. बऱ्याच गावांत चर्चजवळ किंवा गावकचेरीजवळ शौचालय असतं, आणि आम्हाला लागली ती रात्री उघडी होती. पाणी मिळतं दफनभूमीत. थडग्यांवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो, आणि पाणी पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते. पहिल्यांदा दादा थबकले. मसणवटीतलं पाणी! मग टोपी काढून हात जोडले, बाटली भरली आणि म्हणाले, “ज्यांच्या दारात पाणी प्यालो त्यांचं बरं होवो.” पुढे प्रत्येक नळावर त्यांनी हेच म्हटलं.

दादांची ती फेरी पुरी झाली नाही. परतीच्या वाटेवर, नऊशे किलोमीटरच्या पुढे, त्यांच्या मानेने जवाब दिला. डोकं वर धरणारे स्नायूच थकून जातात. माणसाला समोरचा रस्ता दिसेनासा होतो. डॉक्टरांनी जुनी ट्यूब कापून हेल्मेटमागे ताणून बांधून पाहिली, पण फुजेरला पोचल्यावर त्यांनीच दादांना थांबायला सांगितलं. दादांनी थांब्यांच्या नोंदीचं कार्ड टेबलावर ठेवलं. “तुम्ही निघा. माझं पंढरपूर हितंच आलं.” आम्ही तिघं गुरुवारी सकाळी ८८ तासांत रांबुयेला पोचलो. तिथल्या गवतावर बसून माझ्या मनात जे आलं ते दादांच्या त्या बोलण्यामुळेच आलं असेल.

माझं माहेर लोणंद. ज्ञानोबा माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. लहानपणी त्या दिवसांत आमचं घर आमचं नसायचं. परसातलं न्हाणीघर आणि संडास वारकरी बायकांसाठी. आई पहाटे तीनला बंब पेटवायची, दाराशी कंदील टांगायची आणि आम्हाला बजावायची, “परसदाराला कडी लावायची न्हाई. कुणी इचारल असं ठिवायचं न्हाई, दिसलं पायजे.” पालखीच्या वाटेवर हजारो घरांत आजही हे होतं. फ्रान्समधल्या त्या आजीबाईंनी केलं ते माझ्या आईचंच काम होतं. आपल्याला हे नवीन शिकायचं नाही.

आता मागणं काय ते सांगते. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत देणं पंपचालकांवर बंधनकारक आहेच. नवा नियम मी मागत नाही. महामार्गावरच्या पंपमालकांनी आणि धाबेवाल्यांनी बायकांच्या स्वच्छतागृहाची चावी रात्री घरी नेऊ नये. ती गल्ल्याजवळ खिळ्याला अडकवावी, बाहेरचा दिवा चालू ठेवावा आणि आतली कडी धड असावी. एवढंच. पंपावरच्या त्या मुलावर माझा राग नाही. तो रात्रपाळीला एकटा होता, आणि त्याने मला खरं ते सांगितलं: “उघडं ठिवलं की नळ चोरीला जात्यात, आन् सकाळी घाण काढायची मलाच.” त्याचं म्हणणं बरोबर आहे. साफसफाईला माणूस आणि त्याला पगार हवा. आमच्या गटाने ठरवलं आहे, की आम्ही भरवू त्या प्रत्येक राइडच्या वर्गणीतून थांब्यांवरच्या सफाईसाठी पैसे बाजूला काढायचे. इतर शहरांतल्या गटांनीही हे करावं, अशी माझी विनंती आहे.

आणि हे सायकलवाल्यांचं लाड पुरवणं नाही. आम्ही वर्षातून चार रात्री त्या रस्त्यावर असतो. ऊसतोडीच्या बायका पाच-सहा महिने असतात, ट्रॉलीवर, लेकरं घेऊन. दवाखान्याच्या गाडीबरोबर पुण्याला निघालेली आई असते. त्यांना कोण विचारतं?

उंब्रजच्या अलीकडे एका धाब्याच्या मालकीणबाईंशी गेल्या हिवाळ्यात मी बोलले. त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. उठल्या, चावीला लाल दोरा बांधला आणि गल्ल्यामागच्या गणपतीच्या तसबिरीखाली खिळा ठोकला. त्यानंतर रात्री चार वेळा तिथून गेले. चारही वेळा बाहेर दिवा होता. शेवटच्या खेपेला खिळ्यावर चावी नव्हती. मी मागच्या बाजूला गेले तर दार उघडून एक ऊसतोड बाई बाहेर येत होती, कडेवर झोपलेलं पोर. तिने लाल दोऱ्याची चावी माझ्या हातात दिली आणि ट्रॉलीकडे गेली.

आपली,
एक शिक्षिका आणि सायकलस्वार, सातारा
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)