मन्या, आधी एवढं वाच, मग भांड

प्रिय मन्या,

तुझा मेसेज रात्री वाचला, तिथंच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण म्हटलं हे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, नीट पत्रच लिहू. चिडलायस ते कळलं. दोन वर्षं खपून लिहिलेली लायब्ररी, जीपीएल हे अटी घालणारं लायसन्स लावून फुकट वाटलीस, आणि आता कुणाच्या तरी पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या बंद सॉफ्टवेअरमध्ये तुझाच एरर मेसेज जसाच्या तसा दिसतोय. "सगळे चोर आहेत" हे तीनदा लिहिलंयस. मोजलं मी.

तर पहिलं म्हणजे, बंद सॉफ्टवेअरच्या पोटात ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना उघडा असलेलं सॉफ्टवेअर, असतं का, तर असतंच रे, भरपूर असतं, आणि बहुतेक वेळा ते चोरलेलं नसतं. विंडोजच्या एफटीपी (फाइली पाठवायच्या) प्रोग्रॅममध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॉपीराइटची ओळ सापडायची आणि लोक "पकडलं!" म्हणून नाचायचे. पण तो कोड बीएसडी लायसन्सचा होता, म्हणजे आमचं नाव राहू द्या आणि बाकी काय वाटेल ते करा. नाव राहू दिलेलं म्हणूनच तर सापडलं ना! झेडलिब या डेटा दाबून लहान करायच्या लायब्ररीचंही तेच, कुठलीही बरी मोठी बायनरी (मशीनसाठी तयार केलेली फाइल) घे, त्यावर आतला मजकूर बाहेर काढणारं 'स्ट्रिंग्ज' चालव, तिच्या लेखकांपैकी मार्क ॲडलरचं नाव बाहेर पडायची शक्यता जबरदस्त, कारण ती ओळ लायब्ररीतच लिहून ठेवलीये. ओपन सोर्स लायब्ररींमध्ये सुरक्षेची भगदाडं सापडली, २०१४ ला हार्टब्लीड, २०२१ च्या डिसेंबरात लॉग-फोर-जे मधलं, तेव्हा आठवतंय ना, भल्याभल्या कंपन्या याद्या काढत बसल्या होत्या की आपल्या कुठल्या कुठल्या प्रॉडक्टमध्ये हे घुसलंय. लपवायचं वगैरे लांब राहिलं, आत काय आहे हे त्यांनाच धड माहीत नव्हतं.

आता जीपीएल वेगळं, ते मान्य. तिथं बायनरी वाटलीस तर सोर्सही, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोडही, द्यावा लागतो, आणि खरी लपवाछपवी तिथंच होते. पण तिथंही 'चला आज चोरी करू' असं म्हणून कुणी बसत नाही बघ. लिंकसिसचा तो निळा-काळा राउटर, डब्ल्यूआरटी५४जी, २००३ ला लोकांनी त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) उघडलं तर आत जीपीएलचं लिनक्स, सोर्सचा पत्ता नाही. चिप बनवणाऱ्याकडून आणि त्याच्याही खालच्या पुरवठादारांकडून साखळीने आलेला कोड, आणि कंपनी नुकतीच सिस्कोने विकत घेतलेली, म्हणजे बिल कुणाच्या नावावर फाटलं बघ. शेवटी सोर्स द्यावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर उभं राहिलं. तरी सिस्कोची कटकट मिटली नाहीच, २००८ ला जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने कोर्टात खेचलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टचंही २००९ ला असंच, विंडोज ७ यूएसबीवर टाकायच्या छोट्या टूलमध्ये जीपीएलचा कोड निघाला, बाहेरच्या कंत्राटदाराने घातलेला. त्यांनी ते कबूल केलं आणि सोर्स देऊन मोकळे झाले.

माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र सोनी बीएमजीचा. २००५, गाण्यांच्या सीडी कॉपी होऊ नयेत म्हणून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप रूटकिट (स्वतःला लपवून ठेवणारा प्रोग्रॅम) घुसवणारं सॉफ्टवेअर, बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेलं, आणि त्यात निघाला लेम या गाण्यांचं एमपी३ करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचा कोड. कॉपी रोखायला कॉपी केलेला कोड!

पकडायचं कसं, हे तू विचारलंस. चांगलं चाललेलं काही उपयोगाचं नाही, कारण चांगला कोड दोघांना वेगवेगळा सुचू शकतो. चुका शोध. आपण असाइनमेंट उतरवायचो तेव्हा मी एकदा तुझ्या नावासकट उतरवलेली आठवतेय का, तसलं काहीतरी. बुद्धिबळाच्या इंजिनांमध्ये, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हा प्रकार फार गाजलाय. रिब्का म्हणून इंजिन होतं, जगज्जेतं, बंद. त्याची बायनरी लोकांनी इन्स्ट्रक्शन-इन्स्ट्रक्शन उलगडून फ्रूट या जीपीएलच्या इंजिनाशेजारी ठेवली. फ्रूटमध्ये वेळ दशांशात मोजायचे म्हणून एका ठिकाणी ०.० शी तुलना होती, रिब्कामध्ये वेळ पूर्णांकात, दशांशाचं काहीच काम नाही, तरी तिथं ०.० शी तुलना बसलेली. बाकी पुरावे ढीगभर होते पण मला हे शून्यच लक्षात राहिलं. २०११ ला संगणक-बुद्धिबळाच्या संघटनेने त्याची २००७ ते २०१० ची विजेतेपदं काढून घेतली. लिहिणाऱ्याने आरोप मान्य केले नाहीत आणि त्यावर पुढं कित्येक वर्षं भांडणं चालली, तेही खरं. म्हणजे एवढं सगळं उलगडूनही दोन बाजू राहतातच.

आणि कायद्याचं म्हणशील तर "फुकट दिलंय, मग हक्क कसला" हे ऐकून घेऊ नकोस. मॉडेल रेल्वे चालवायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवरून अमेरिकेत केस झाली होती, जेकबसन विरुद्ध कॅट्झर. २००८ ला तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की फुकट दिलेल्या कोडच्या अटीही अटीच, मोडल्या तर कॉपीराइटचा भंग धरता येतो. त्याआधी २००४ ला म्यूनिखच्या कोर्टाने हॅरल्ड वेल्टे या लिनक्सच्या प्रोग्रॅमरच्या बाजूने जीपीएलवरून मनाईहुकूम दिलेला. तेव्हा तुझी बाजू पोकळ नाहीये. ती बायनरी जपून ठेव, तारीख आणि हॅश (फाइलचा ठसा) लिहून ठेव, आणि मग सरळ, सभ्य भाषेत सोर्स माग. शिव्या नकोत प्लीज.

आता मला का एवढा पुळका या कोड उचलणाऱ्यांचा, तर ऐक. पहिल्या नोकरीत, रिलीज उद्यावर आलेली, मी एक तारखा फिरवायचं फंक्शन जीपीएलच्या प्रोजेक्टमधून उचललं होतं. वरची कॉमेंट उडवली. का, तर कोडिंग स्टँडर्डप्रमाणे तिथं कंपनीचा हेडर (फाइलच्या वरची नाव-हक्काची ओळ) लागायचा आणि दोन हेडर विचित्र दिसत होते. शपथ सांगतो, चोरतोय असं एका सेकंदासाठीही वाटलं नाही. दीडेक वर्षांनी लायसन्स म्हणजे काय ते कळल्यावर घाम फुटला, मॅनेजरला सांगितलं तर म्हणे, कोण बघतंय? शेवटी एका शनिवारी बसून नव्याने लिहिलं. चाळीस ओळी होत्या रे सगळ्या मिळून! तोवर किती ग्राहकांकडे गेलं होतं ते विचारू नकोस.

म्हणून एक विचारतो, रागावू नकोस. २००३ ला एससीओ कंपनीने आयबीएमवर केस टाकली होती की लिनक्समध्ये आमचा युनिक्सचा कोड घुसवलाय, आणि ऑगस्टमध्ये पुरावा म्हणून स्लाइड दाखवल्या. लोकांनी बघितलं तर त्यातला एक तुकडा बर्कलीच्या पॅकेट फिल्टरचा (नेटवर्कवरचा डेटा गाळणारा कोड), जो कुणीही वापरावा असाच होता. म्हणजे तुकड्याचा आजोबा बर्कलीचा, एससीओचा नव्हेच. तुझा तो एरर मेसेज पार्सरमधूनच (मजकूर वाचून फोडणाऱ्या भागातून) येतो ना? आणि तो पार्सर तू सगळा स्वतः लिहिला नव्हतास, मला आठवतंय, कुठल्या तरी जुन्या बीएसडीच्या लायब्ररीतून घेतला होतास, तेव्हा मला फोन करून "आयता मिळाला" म्हणाला होतास. त्यांनीही तिथूनच उचलला असेल तर?

तेव्हा पत्रबित्र पाठवायच्या आधी तुझी सगळ्यात जुनी फाइल काढ आणि वरच्या हेडरमध्ये कुणाचं नाव आहे ते बघून मला कळव. नाव अजून तिथं आहे ना?

तुझाच,
सच्या