चौकटीबाहेरचं घर

स्टॉकहोम, रविवार

प्रिय बंड्या,

उशिराबद्दल चार शिव्या घातल्यास असं धरून पुढे लिहितो. नोव्हेंबर संपत आलाय, दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात. अशात हॉलची भिंत फारच ओकीबोकी वाटायला लागली, म्हणून स्टॉकहोमचा शोभेचा नकाशा आणला. ७० बाय ५० सेंटिमीटर, १ सेंटिमीटरला १०० मीटर.

शोभेचा, म्हणून नाव एकही नाही! जमीन काळी, रस्ते पांढऱ्या रेघा, पाणी मोरपंखी. शहर १४ बेटांवर वसलेलं, त्यामुळे पाण्याच्या कडेकडेनेच वाट काढावी लागली. मधोमध तळहाताएवढं बेट, ते जुनं शहर, गामला स्तान. तिथली सगळ्यात अरुंद गल्ली ९० सेंटिमीटरची. ती कुठली दिसायला! पण वासा जहाजाची वाट सापडली. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीला निघालं आणि १३०० मीटरवर बुडालं. पट्टी लावली, १३ सेंटिमीटर. धड वीतभरही नाही, आणि वर यायला १९६१ उजाडावं लागलं.

माझी तक्रार पाण्याबद्दल आहे. डावीकडचं मेलारेन तळ्याचं, गोडं. उजवीकडचं बाल्टिकचं, मचूळ. तळं समुद्रापेक्षा साधारण ७० सेंटिमीटर उंच, म्हणून बोटी पाणदरवाज्यांतून खालीवर करतात. एके काळी मेलारेन समुद्राचीच खाडी होती. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली जमीन अजून वर्षाला जवळपास अर्धा सेंटिमीटर वर येतेय, तशी ती खाडी तुटून तळं झालं. एवढं रामायण, आणि या पठ्ठ्याने दोन्हीकडे एकच मोरपंखी फासलाय. निदान छटा तरी बदलायची!

बायकोने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "आपलं घर कुठाय?" घर नाहीच त्यात. आम्ही शिस्ताला राहतो (लिहितात किस्ता, म्हणतात शिस्ता), मध्यापासून दहाएक किलोमीटर वायव्येला. मग मी हिशेब करून स्टुलावर चढलो आणि फ्रेमच्या वर डावीकडे, पार छताजवळ, भिंतीवरच पेन्सिलीने ठिपका काढला. भाड्याचं घर आहे, घरमालक बघेल तेव्हा बघू.

तू मे महिन्यात येतोयस ना? तुझा अर्लांडा विमानतळही मोजला. भिंतीत मावत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या दिव्याच्या आसपास कुठेतरी उतरशील. तिथून न्यायला मी येतो. येताना मेतकूट आण.

तुझा,
अव्या