मेसेज दुरुस्त करण्यासाठी दहाच मिनिटे का?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पाठवलेला मेसेज एडिट करण्यावरील दहा मिनिटांच्या मर्यादेबाबत

महोदय / महोदया,

मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. तुमच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरते आणि त्यावर विद्यार्थ्यांचा एक ग्रुप चालवते. संहत सल्फ्युरिक आम्ल सौम्य कसे करावे, असे गेल्या आठवड्यात एका मुलाने विचारले. उत्तर लिहिताना माझ्या हातून ‘पाण्यात आम्ल’ऐवजी ‘आम्लात पाणी’ असे गेले. वर्गात हजार वेळा बजावलेले वाक्य, तेच उलटे!

ही चूक शुद्धलेखनाची असती तर मी पत्र लिहिले नसते. हे आम्ल पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड असते. त्यावर पाणी ओतले की ते वरच राहते, मिसळताना प्रचंड उष्णता निघते, तिथल्या तिथे पाणी उकळते आणि आम्लाचे थेंब तोंडावर उडतात. म्हणून भरपूर पाण्यात आम्ल थोडे थोडे, ढवळत घालायचे. एक ‘त’ चुकीच्या शब्दाला लागला आणि सूचनेचा अपघात झाला.

चूक लक्षात आली अर्ध्या तासाने. मेसेजवर बोट दाबून धरले, तर ‘एडिट’ हा पर्यायच गायब. ‘डिलीट’ मात्र होता, आणि तो आजही आहे. म्हणजे लिहिलेले नाहीसे करायला मुदत नाही, नीट करायला आहे. हा नियम कोणी आणि काय विचार करून केला, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. डिलीट करावे, तर त्याखाली मुलांनी विचारलेल्या वीसेक शंका आणि मी दिलेली उत्तरे निराधार होतात. शिवाय ज्यांनी चुकीचे वाचले, त्यांना ते चुकीचे होते हे कधी कळणारच नाही.

तुमच्या मदत विभागाचे उत्तर आले : ‘नवीन मेसेज लिहून दुरुस्ती कळवावी.’ कळवली, त्याच दिवशी. पण ‘सल्फ्युरिक’ शोधले की आधी जुना मेसेज येतो, दुरुस्ती चाळीस मेसेज खाली. पुस्तकाचे शुद्धिपत्र निदान त्याच पुस्तकात शिवलेले असते.

मर्यादेमागचे कारण मला समजत नाही असे नाही. कोणी काहीबाही लिहितो, दुसरा त्याला खडसावतो, मग पहिला गुपचूप मूळ वाक्य बदलतो आणि खडसावणाराच वेडा ठरतो. हे मी पाहिले आहे. (शिक्षकांच्या ग्रुपवर तर जास्तच!) पण त्यावरचा उपाय घड्याळ नव्हे. दहा मिनिटांत लबाडी करणाऱ्याला ती करता येतेच. विकिपीडियावर लेख वर्षांनंतरही सुधारता येतो आणि त्याची प्रत्येक जुनी आवृत्ती ‘इतिहास’मध्ये कोणालाही पाहता येते. ॲपलच्या आयमेसेजमध्ये मुदत १५ मिनिटांचीच असली, तरी आधीचा मजकूर समोरच्याला उघडून बघता येतो. टेलिग्राम ४८ तास देते. व्हॉट्सॲपने मे २०२३मध्ये ही सोय आणली तीही १५ मिनिटांचीच, तेव्हा कंजूष तुम्ही एकटे नाही. पण गप्पांचा मेसेज आणि मुले महिनोन्महिने उघडून वाचतात ते उत्तर, यांना एकच माप कसे चालेल?

तेव्हा माझी पहिली मागणी तातडीची : माझ्या खात्यावरून गेलेला तो एक मेसेज दुरुस्त करू द्या, नाहीतर तुम्ही करा. मेसेजची लिंक सोबत आहे. पुढे एडिटची मुदत काढून टाका, ‘सुधारित’ अशी खूण लावा आणि मूळ मजकूर एका टिचकीवर दिसू द्या. मी काय चुकले होते ते सगळ्यांना दिसले तरी माझी काही हरकत नाही. तेवढे जमणार नसेल, तर निदान जुन्या मेसेजला चिकटून राहणारी टीप जोडण्याची सोय करा.

वर्गणीचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. ते करायचे की नाही, हे तुमच्या उत्तरावर ठरवीन. ते उत्तर माणसाने लिहिलेले असावे, ही विनंती.

हे पत्र लिहिण्यापूर्वी ग्रुप उघडून पाहिला. त्या मेसेजवर आज आणखी दोघांनी ‘धन्यवाद, मॅडम’ लिहिले आहे.

आपली,
एक वर्गणीदार