कोर्टनाक्यावरच्या टायपिंगवाल्या ताईंना थँक्यू

ताई नमस्कार,

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच बजावलेलंत की नाव कुठे छापू नकोस, उगाच गर्दी होईल. ठाण्यात कोर्टनाक्यावर ज्यांचं जाणंयेणं आहे ते ओळखतीलच. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "हं, पुढचा कोण" करता, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या रबाळ्याच्या कंपनीत (कंपनीचं पण नाव नको) पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायचं मशिन) नाईट शिफ्टला एका पोराची दोन बोटं गेली. त्या प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात ते कव्हर, नाही हे अख्ख्या शॉपला माहीत होतं, फूट पेडलवर चालतो म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि दोन्ही हात डायखाली (दाबणाऱ्या साच्याखाली), आणि कोणीतरी आधीच डिशला म्हणजे त्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला तक्रार पण केलेली. मग त्या तक्रारीचं झालं काय? जो तो म्हणे आरटीआय टाक. सांगायला काय जातंय, पण नक्की मागायचं काय ते एकालाही सांगता येईना, युनियनवाल्यालाही नाही.

आम्ही पोरांनी मिळून दोन पानं भरलेली, कारवाई का केली नाही, जबाबदार कोण, कामगाराच्या जिवाला किंमत आहे की नाही वगैरे वगैरे. तुम्ही वाचलं आणि म्हणालात, "भाषण झकास आहे, पण 'का' विचारलं तर ते हात वर करतात. रेकॉर्डला जो कागद आहे तेवढाच द्यायला ते बांधलेले आहेत, मग कागदच मागायचा ना." आणि लगेच टाईप करायला घेतलंत, तक्रारीचा आवक नंबर आणि तारीख, त्यावर इन्स्पेक्टर कधी गेले, भेटीचा शेरा, कंपनीला काढलेली नोटीस, त्याला कंपनीने दिलेलं उत्तर, आणि अपघाताची सूचना, कारण कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ८८ प्रमाणे ती कंपनीला पाठवावीच लागायची. सगळं १५० शब्दांत बसवलंत, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तेवढेच शब्द हा नियम आहे हे मला तिथेच कळलं. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झाला अर्ज.

पण खरं काम तुम्ही शेवटच्या ओळीत केलंत. आम्हाला तक्रारीची प्रत पाहिजे होती, आणि ती तशीच्या तशी बाहेर आली असती तर ज्याने तक्रार केली त्याची नोकरी गेली असती, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच नाही. तुम्ही आपणहून टाकलंत, "तक्रारदाराचे नाव व ओळख पटेल असा मजकूर झाकून प्रत द्यावी." त्याच फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ११८अ पण सांगितलंत, तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असायचं. आणि अर्ज मिसेसच्या नावाने, कळव्याच्या घरच्या पत्त्यावर, कारण कुठलाही नागरिक माहिती मागू शकतो आणि कशाला पाहिजे हे विचारायची सोय कायद्यातच नाही.

उत्तर आलं ते नकाराचं. व्यावसायिक गोपनीयता म्हणे. मी वैतागलेलो, तुम्ही मात्र शांत, २००५ला आरटीआय कायदा आल्यापासून हेच टाईप करतेय म्हणालात. अपिलात दोनच मुद्दे, मशिनला गार्ड आहे की नाही यात धंद्याचं गुपित कसलं, आणि आरटीआयच्या कलम १० प्रमाणे जे लपवायचं ते झाकून बाकीचं द्या. स्टॅम्प २० रुपयांचा. सुनावणीला मिसेस एकटी गेली, मला फर्स्ट शिफ्ट, पण तुम्ही तिच्याकडून इतकं पाठ करून घेतलेलं की अपिलीय अधिकाऱ्यांनी फाइल बघायला दिली आणि प्रती पण.

त्या फाइलमध्ये कंपनीचं पत्र होतं, गार्ड बसवला, फोटो सोबत जोडला आहे. फोटोत पिवळाधमक गार्ड. मिसेसने २ रुपये पानाने झेरॉक्स आणलं, त्यात पिवळं काळं झालेलं, पण मागची खिडकी आणि तिच्या बाजूचा फायर एक्स्टिंग्विशर दिसत होता आणि तो आमचा बे (शेडमधला आमचा भाग) नाहीच! ती पलीकडच्या बेमधली प्रेस, तिला पहिल्यापासून गार्ड आहे. त्या एका फोटोवर तक्रार निकाली. आणि अपघाताच्या सूचनेत कारण काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा.

पुढचं तुम्हाला माहितीय. त्याच प्रती लावून नवी तक्रार गेली, इन्स्पेक्टर आले, पेडल निघालं, आता गार्ड आहे आणि डबल पुशबटन, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. त्या पोराला स्टोअरला टाकलंय. निष्काळजीपणाचा शिक्का अजून कागदावर तसाच आहे, त्याचं काय करता येईल ते विचारायला तो येणार आहे तुमच्याकडे.

आणि पैशांचं बोलायचं तर अपिलाचं टायपिंग तुम्ही फुकट केलंत, ते मला आवडलेलं नाही, तुमचं पोट त्याच्यावर आहे. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ला स्फोट झाला, २०२४ला परत झाला, त्यावर तुम्ही म्हणालेलात की फाइल अपघाताच्या आधी मागायची असते. ते मी आमच्या लाईनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलोय, त्यामुळे पवण्याच्या एका केमिकल कंपनीतला माणूस येत्या शनिवारी येतोय. त्याच्याकडून पूर्ण पैसे घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी अ‍ॅक्टच्या जागी कामगार सुरक्षेचा नवीन कोड (कायदा) आलाय, कलमांचे नंबर बदललेत, तेवढं बघून ठेवा, आणि त्याने पण चार पानी भाषण लिहून आणलंय, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
रबाळ्याचा प्रेस ऑपरेटर (आणि मिसेस)