मुंग्यांच्या वहीला टेबल मिळालं नाही, त्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा आठवीतल्या एका मुलीची वही टेबलावर मांडूच दिली नाही. वहीत मुंग्यांच्या नोंदी होत्या. "मॉडेल कुठं आहे? आणि याचा उपयोग काय?" असं विचारून परीक्षकांनी तिला परत पाठवलं. मुलगी माझ्या माहेरची, आर्वी तालुक्यातली, मला आत्या म्हणते. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसती गप्प होती. मला तेच जास्त लागलं.

मी नागपूरला विषाणूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत 26 वर्षं काम करते. सोमवार ते शनिवार तापाच्या आणि मेंदूज्वराच्या रुग्णांचे नमुने, आणि सवड मिळेल त्या रविवारी पहिल्या एसटीनं गाव. तिथं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मी मुंग्या पाहते. सुरुवातीला लोक थांबून विचारायचे, "काय पाह्यतं वो बाई, त्या मुंग्याइत?" आता विचारत नाहीत, मुंग्या कुठं निघाल्यात ते येऊन सांगतात. 2020 साली कित्येक महिने गावाला जाता आलं नाही. कामाची पाळी संपली की क्वार्टरच्या भिंतीवरची मुंग्यांची रांग पाहत मी उभी राहायची, तेवढ्यानंच डोकं शांत व्हायचं.

ही दोन कामं वेगळी आहेत असं मला कधी वाटलं नाही. विषाणूच्या नमुन्यावर नाव, तारीख, वेळ, ठिकाण नसेल तर तो फेकावा लागतो. मुंगीचंही तसंच. मुंगी अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायची आणि चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून आत टाकायची, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. हे मी त्या मुलीला एकदाच सांगितलं होतं. तिच्या 31 बाटल्यांत 31 चिठ्ठ्या आहेत, सगळ्या पेन्सिलीच्या.

आता त्या वहीत काय होतं ते सांगते. 21 सप्टेंबर, सकाळी 7 वाजून 10 मिनिटं: "पऱ्हाटीच्या पानाखाली मधल्या शिरेवर बारीक खड्डा. तिथं 3 मुंगळे तोंड लावून बसले. मावा नाही." पुढचे अकरा दिवस तिनं तीच झाडं पाहिली. मी गेले तेव्हा भिंगातून बघितलं. शिरेवर खरोखरच एक खळगी, आणि तिच्यात रसाचा चमकता थेंब. ती कपाशीची मधुग्रंथी. फुलातली नव्हे, पानावरची. झाड गोड रस देऊन मुंग्यांना पानावर फिरतं ठेवतं, आणि फिरता फिरता त्या किडींची अंडी, बारक्या अळ्या उचलून नेतात. पानावर मावा असला तर त्याच मुंग्या माव्याची राखणही करतात, म्हणून शेतकऱ्याला त्या वैरी वाटतात. "मावा नाही" हे दोन शब्द तिनं लिहिले म्हणून ती नोंद मोलाची झाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकातही तिनं वाचलं नव्हतं. सात वाजता शेतात जाऊन, पान उलटून तिनं ते पाहिलं.

परीक्षकांचा प्रश्न मी टाळत नाही. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाची साथ होती. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रानं दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा काढला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये त्याची माहिती छापली आणि त्याला गावाचं नाव दिलं. तेव्हा कुणी विचारलं असतं, याचा उपयोग काय, तर उत्तर नव्हतं. पुढची जवळपास चाळीस वर्षं तो फारसा घातक मानलाच गेला नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वरानं 329 मुलं आजारी पडली आणि 183 दगावली. पुण्याच्या संस्थेनं तो चांदीपुराच असल्याचं ओळखलं. ओळखता आलं, कारण आपल्या विदर्भातल्या एका गावची जुनी नोंद शाबूत होती. 2007 मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये साथ आली. हा रोग पसरवणारी वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान, मातीच्या भिंतीच्या भेगांत दडून बसते. अशी भेग उकिडवं बसून तासभर बघत राहण्याची सवय मला मुंग्यांनी लावली.

थर्माकोलच्या मॉडेलवर राबणाऱ्या मुलांच्या कष्टांचा मला आदरच आहे. माझी विनंती एवढीच, की तालुका आणि जिल्हा पातळीच्या प्रदर्शनांत निरीक्षणाच्या वह्यांसाठी वेगळं टेबल असावं, आणि परीक्षकांनी त्या वह्या बसून वाचाव्यात. वही चाळायला निदान अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मिळायला हवा.

आणि एक मदत हवी आहे, आपल्या वाचकांकडून. वहीत एका मुंगीपुढे नावाची जागा कोरी आहे. ती काळी, साधारण सेंटिमीटरभर लांब, अंगावर बारीक रेघा, बहुधा एकटीच हिंडते आणि डसली की झोंबते. बिळाच्या तोंडाभोवती पाखरांची पिसं आणून लावते. हिवाळ्यात पहाटे त्या पिसांवर दव साचतं आणि मुंग्या येऊन ते पितात. हे मी आणि त्या मुलीनं शेकोटी सोडून, शाल पांघरून, ओल्या गवतात बसून पाहिलं आहे. शास्त्रात तिला डायकॅमा म्हणतात, पण आमच्या गावात तिला मुंगी याखेरीज वेगळं नाव नाही. यवतमाळ, भंडारा, गडचिरोलीकडे तिला काही म्हणत असतील तर कृपया आपल्या पत्रातून कळवावं. गावाचं नावही लिहावं. ती मुलगी पेन्सिलीनं नोंद करून घेईल.

आपली,
एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा (सध्या नागपूर)