ट्रक बाबांचा, धंदा दोघांचा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या पहिल्या गाडीच्या पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा होता, हे नातू मानत नाही म्हणालात. तुमचंच बरोबर आहे. त्याला दाखवता यावं म्हणून लिहूनच पाठवते. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १९५४ साली करार केला आणि जमशेदपूरहून टाटा मर्सिडीज-बेंझ नावाने ट्रक निघू लागले. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ साली संपला, तारा गेला आणि टाटाचा 'टी' आला. तुम्ही जुनी घेतलेली ती गाडी म्हणजे कराराच्या काळातली. त्याला हेही सांगा की रस्त्यावर तेव्हा फक्त टाटा नव्हते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले फार्गो आणि डॉज होते, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड होते, मद्रासकडून येणारा लेलँडचा कॉमेट होता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून तुम्ही सांगायचा, लेलँड गेला, फार्गो गेला. मी ते खरं धरायचे, आणि खिडकीतून बघितलं की खरंच निघायचं.

पण मला आठवतो तो टाटाचा १२१० ट्रक. पुण्याहून तुम्ही नुसती चेसिस घेऊन आलात. ना केबिन, ना हौदा. बसायला लाकडी खोकं, डोळ्यांना गॉगल, कानाला मफलर, आणि अंगावर खंबाटकीची सगळी धूळ. मग सुतारांनी केबिन बांधली, हौदा बांधला, फाळके बसवले, आणि पेंटरने मागच्या फाळक्यावर माझं नाव घातलं. शाळेत मी ते किती जणींना सांगितलं असेल! त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. वळणावर तुम्ही अख्खं अंग घालून चक्र फिरवायचा. गिअर उतरवताना डबल क्लच, मध्ये ॲक्सिलरेटरचा एक ठोका, आणि दात न वाजता गिअर पडायचा. बोरघाट उतरताना ब्रेकवर विसंबायचं नाही, ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे तुम्ही क्लीनरला शिकवायचा ते मला तोंडपाठ झालं होतं. घाटातल्या शिंगरोबा देवाला नाणं वाहिल्याशिवाय तुम्ही घाट ओलांडला नाही. आता एक्सप्रेसवेवरून जाताना तो देऊळरस्ता बाजूला राहतो, मी मात्र मनात हात जोडते.

हे सगळं लोक विचारतात, तुम्हीही सांगता, आणि ऐकताना मजा येते. ज्याबद्दल कुणीच विचारत नाही त्याबद्दल आज मला लिहायचं आहे. आई, हे तुझ्यासाठी आहे.

ट्रक बाबांचा, असं सगळी पेठ म्हणायची. गाडी बाबांची होतीच. पण बाबा गुळाचे रवे भरून गुजरातला निघाले की पुढचे कित्येक दिवस धंदा कोण चालवत होतं? पुण्याला पोचले का, गुजरातच्या हद्दीवर आच्छाडच्या नाक्यावर अडकले का, काही कळायला मार्ग नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक फोन, त्यावरून ट्रंक कॉल लावायचा आणि तास तास वाट बघायची. तू स्वयंपाक उरकून तिथे जाऊन बसायचीस. आणि चौकशी खुशालीची नसायची. आधी परतीचं भाडं ठरलं का ते विचारायचीस. जाताना भरलेली गाडी येताना रिकामी आली तर डिझेल, टोल, भत्ता, सगळा खर्च एकाच फेरीच्या डोक्यावर बसतो, हे गणित या धंद्यातल्या कितीतरी पुरुषांना उशिरा समजलं, काहींना गाडी विकल्यावर. तुला ते पहिल्या वर्षीच समजलं होतं. सुरतेचं कापड मिळेना तर मीठ भरा, पण रिकामे येऊ नका, हा निरोप तू गाड्यांना माल मिळवून देणाऱ्या हुंडेकऱ्याकडून पुढच्या ड्रायव्हरबरोबर धाडायचीस, आणि कुठल्यातरी ढाब्यावर तो बाबांना मिळायचा.

गूळ म्हणजे जिवाला घोर. थोडं पाणी लागलं तरी पाझरतो, आणि मग घेणारा निम्मा भाव कापतो. म्हणून ताडपत्री तूच तपासायचीस. अंगणात पसरून, उन्हात एक एक भोक शोधून, दाभणाने आणि मेण लावलेल्या सुतळीने शिवायचीस. अवकाळी पावसात भिजून गाडी आली आणि आत गूळ कोरडा निघाला, तेव्हा हुंडेकऱ्याने बाबांची पाठ थोपटली होती. मी तिथे होते. तुझी कुणी थोपटली नाही.

आणि ती वही. कुठला टायर कुठल्या बाजूला चढवला, झिजलेल्या टायरवर नवं रबर कधी चढवलं, स्प्रिंगचा पाटा कधी बदलला, माल चढवण्या-उतरवण्याची वाराई किती गेली, माल घेणाऱ्याने द्यायच्या 'टू पे' भाड्याची कुणाची बाकी राहिली, सगळं तुझ्या अक्षरात. बिल्टीचं, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावतीचं, महत्त्व मला तुझ्यामुळे समजलं. माल पाठवणारा बिल्टी बँकेत द्यायचा, घेणारा पैसे भरून ती सोडवून घ्यायचा, आणि ती दाखवल्याशिवाय गोदामातून पोतं हलत नसे. एका पातळ कागदावर दोन अनोळखी व्यापारी आणि मधला गाडीवाला एकमेकांवर भरवसा ठेवायचे. असा एक कागद ओला झाला तेव्हा तू तो तव्याच्या उबेवर धरून वाळवला होतास, आठवतं? खंडेनवमीला पाने, जॅक, टॉमी पुसून मांडायचीस तेव्हा शेजारी ती वहीही असायची. ती तिथे का, हे मला तेव्हा कळत नसे.

हुंडेकऱ्यांच्या गल्लीत मागच्या महिन्यात गेले होते. पाट्या बहुतेक उतरल्या आहेत. एका जागी मोबाइलचं दुकान, एका जागी बँकेचं एटीएम. १९७५ साली नॅशनल परमिट आलं तेव्हा परराज्याच्या परवान्यांची कटकट कमी झाली आणि या गल्लीला बरे दिवस आले, असं बाबा सांगतात. मग मोठ्या गाड्या आल्या, दहा चाकी, चौदा चाकी. एका गाडीवाल्याला ते हप्ते झेपेनात. बाबा, तुम्ही म्हणायचा की मोठेही एका ट्रकवरच सुरू झाले, आणि ते खरं आहे; व्हीआरएल ही मालवाहतूक कंपनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरू झाली. पण एका ट्रकवरच राहिलेली माणसंच जास्त होती, आणि गुळाचा हंगाम त्यांनीच ओढला. ज्या जकातीच्या रांगांत तुम्ही रात्री काढल्यात, ती मुंबईची जकात १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर गेली. तोवर आपली गाडी विकून झाली होती. तुम्हाला त्या दिवशी फोन केला तर तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

आई, दादा म्हणाला की माळ्यावरच्या वह्या आणि बिल्टीबुकं तू रद्दीत काढायला सांगितली आहेस. कृपा करून देऊ नकोस. "काय करायचंय त्याचं" असं म्हणशील, तर सांगते. पाडव्याला गुळाच्या मुहूर्ताच्या सौद्याच्या वेळी मी येते आहे. प्रत्येक वही उघडून तू मला सांग, मी फोनवर तुझा आवाज भरून घेईन. या वेळी आधी तू बोलायचंस. बाबा, तुम्ही मध्ये दुरुस्त्या करायच्या नाहीत. तुमची पाळी दुसऱ्या दिवशी, घाटांची आणि इंजिनांची. मला प्रत्येक हुंडेकऱ्याचं नाव हवं आहे, कुठल्या पेढीचा माल कुठे जायचा ते हवं आहे, आणि कुणी भाडं बुडवलं तेही.

माळ्यावरून काही काढू नका, बाबा, शिडीवर तर चढूच नका. जावई बरोबर येणार आहेत, ते उतरवतील. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, दोन बाटल्या आणते.

तुमची लेक